नऊ दिवसांचं अस्तर

जिन्याच्या नवव्या पायरीवर हेमलताबाई बाबर थांबल्या आणि कठडा धरून उभ्या राहिल्या. गेल्या महिन्यात त्या तेराव्या पायरीवर थांबत होत्या. वर दारात उभ्या असलेल्या केतकीनं पायऱ्या मोजल्या. भूमापन खात्यात नोकरी करणाऱ्या लेकीला मोजायची सवयच होती.

"नळी परत आवळतीय आई. उद्या मिरजेला जायचं."

"उद्या शेडमध्ये... माल येणार आहे."

"येऊ दे. बेदाणा तुझ्यावाचून निवडला जाईल."

तासगावात बेदाण्याच्या निवडणीच्या शेडवर हेमलताबाईंनी सव्वीस वर्षं मुकादमी केली होती. तीस-पस्तीस बायकांच्या गलक्यावर चढणारा त्यांचा आवाज रस्त्यापलीकडे ऐकू जायचा. तीन वर्षांपूर्वी, २०३६ साली, त्यांच्या श्वासनलिकेत गाठ निघाली. डॉक्टरांनी नलिकेचा पाच सेंटिमीटरचा तुकडा काढला आणि तिथं त्याच मापाची, छापून घेतलेली प्लास्टिकची नळी बसवली. गाठ परत आली नाही. पण तो आवाजही परत आला नाही, आणि आता श्वासही जायच्या वाटेवर होता.

नळीत दोष काहीच नव्हता. ती बसवली त्या दिवशी होती तशीच गुळगुळीत आणि धड होती. जे चाललं होतं ते शरीर करत होतं.

शरीरात प्लास्टिक गेलं की पहिल्या काही क्षणांतच रक्तातली प्रथिनं त्याच्यावर चिकटतात. त्या थराचा सुगावा लागून भक्षक पेशी धावून येतात. जंतू असता तर त्यांनी तो गिळला असता, पण प्लास्टिक गिळता येत नाही. मग दहा-वीस पेशी एकमेकींत विरघळून एक अवाढव्य पेशी तयार होते आणि ती त्या पृष्ठभागाला तोंड लावून बसते. तिचंही काही चालत नाही. महिनाभर झटापट झाल्यावर शरीर दुसरा मार्ग धरतं. तंतू विणणाऱ्या पेशी येतात आणि त्या परक्या वस्तूभोवती चिवट पांढरी भिंत बांधायला घेतात. गुडघ्यात किंवा खुब्यात अशी पातळ भिंत झाली तर माणसाला पत्ताही लागत नाही. पण श्वासनलिका जेमतेम बोटाएवढी रुंद. तिच्यात दोन्ही टोकांनी भिंत वाढत आत आली, की माणूस गुदमरतो. हेमलताबाईंची भिंत दर चार महिन्यांनी लेसरनं खरवडून काढावी लागे, आणि खरवडली की ती आणखी जोमानं वाढे.

"आता खरवडण्यात अर्थ नाही काकू," डॉ. तस्नीम मुजावर दुसऱ्या दिवशी म्हणाल्या. चाळिशीच्या, बोलताना समोरच्याच्या हाताकडे बघायची सवय असलेल्या या बाई तीन वर्षं त्यांच्यावर उपचार करत होत्या. "नळी बदलू या. पण नवीन नळी उघडी ठेवायची नाही. तिला आतून-बाहेरून जिवंत पेशींचं अस्तर लावायचं. शरीराला प्लास्टिक दिसताच कामा नये."

"माझ्याच पेशी?" हेमलताबाईंनी विचारलं.

"तुमच्या पेशी चौसष्ट वर्षांच्या. जखम दिसली की व्रण विणायचा, हेच त्यांना येतं. आम्हाला व्रण न विणणाऱ्या पेशी हव्यात. तशा एकाच जागी मिळतात, पोटातल्या बाळाकडे. गर्भाला जखम झाली ना, तर ती भरून येते आणि वणसुद्धा राहत नाही."

"आता बाळ कुठून आणायचं?" केतकी हसून म्हणाली.

"आणायची गरज नाही. आईकडे असतं." डॉक्टरांनी कागदावर एक मोठं आणि एक छोटं वर्तुळ काढलं. "गरोदरपणात बाळाच्या काही पेशी वारेतून आईच्या रक्तात उतरतात. बाळ बाहेर येतं, पण त्या पेशी राहतात. हाडांच्या मगजात, फुफ्फुसात, कधी काळजातसुद्धा. तीस-चाळीस वर्षं. अर्ध्या परक्या असतात, तरी आईचं शरीर त्यांना हात लावत नाही. गेली चार वर्षं आम्ही त्या वेचून काढतो, वाढवतो आणि नळीवर चढवतो. ज्यांना लावल्या त्यांची भिंत पुन्हा वाढलेली नाही."

"म्हणजे माझ्या पेशी," केतकी म्हणाली. "मी जन्मायच्या आधीच्या."

"अगदी बरोबर. फक्त लाखो पेशींतून त्या ओळखायच्या कशा, हा प्रश्न असतो. म्हणून मुलाचा नमुना लागतो, जुळवून बघायला. गालाच्या आतून कापूस फिरवायचा, बस."

केतकीनं तोवर खुर्ची पुढं ओढली होती. हेमलताबाई म्हणाल्या, "थांबा जरा. मला... विचार करू द्या."

"त्यात विचार कसला?" म्हणत केतकीनं तोंड उघडलं, आणि नर्सनं कापूस फिरवलासुद्धा.

त्या दुपारी हेमलताबाईंच्या कमरेच्या हाडातून मगज काढला. सुई खोल जाताना त्यांनी डोळे मिटून घेतले. केतकीनं त्यांचा हात घट्ट धरला होता. दुखतंय म्हणून आईच्या डोळ्यांतून पाणी येतंय, असं तिला वाटलं.

केतकी त्यांच्या पोटी जन्मलेली नव्हती.

२००१ साली फलटणला असताना हेमलताबाईंना मुलगा झाला होता. सातव्या महिन्यातच. काचेच्या पेटीत तो नऊ दिवस होता. त्यानंतर दिवस जाणार नाहीत असं डॉक्टरांनी सांगितलं. दोन वर्षांनी त्या आणि त्यांचा नवरा विलास सोलापूरच्या एका संस्थेतून चार महिन्यांची मुलगी घेऊन आले. विलास वीज मंडळात वायरमन होता. त्यानं आधीच तासगावला बदली मागून घेतली होती, म्हणजे नव्या गावात कुणी काही विचारणार नाही. अठरा वर्षांची झाली की सांगू, असं विलास म्हणायचा. मग बारावी होऊ दे म्हणाला, मग नोकरी लागू दे. सहा वर्षांपूर्वी तो गेला. फलटणचे दीर-जाऊही गेले. जाणणारी चार माणसं होती, त्यांतल्या हेमलताबाई एकट्या उरल्या होत्या.

बाराव्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला. "काकू, एकट्या येऊ शकाल?"

शेडवर जाते असं केतकीला फोनवर सांगून त्या मिरजेला गेल्या. डॉ. मुजावरांनी दार लावून घेतलं आणि खुर्ची टेबलाच्या अलीकडे, त्यांच्याजवळ आणली.

"केतकीच्या पेशी तुमच्यात नाहीत," त्या म्हणाल्या. "आणि का नाहीत ते तुम्हाला माहीत आहे, असं मी धरून चालते."

हेमलताबाईंनी मान हलवली.

"दुसरी गोष्ट सांगायला बोलावलंय. नमुन्यात मुलाच्या पेशी आहेत. मुलग्याच्या. म्हणून नमुन्याशिवायही ओळखता आल्या. थोड्या नाहीत, चांगल्या आहेत. तुम्हाला मुलगा झाला होता?"

हेमलताबाईंनी दाराकडे पाहिलं, ते लावलेलंच होतं. मग म्हणाल्या, "नऊ दिवस होता."

"त्या पेशी अजून आहेत. जिवंत आहेत."

"कुठं?"

"कमरेच्या हाडात. फुफ्फुसातही असाव्यात."

हेमलताबाईंचा हात आपोआप कमरेवर गेला. त्या बाळाचा फोटो नव्हता. मनगटावरची दवाखान्याची पट्टी नव्हती, झबलंही नव्हतं. सासूनं सगळं कुणाला तरी देऊन टाकलं होतं, डोळ्यासमोर नको म्हणून. अडतीस वर्षं ज्याची एक वस्तू आपल्याकडे नाही असं त्या समजत होत्या, तो त्यांच्याबरोबर शेडवर जात होता, बाजार करत होता.

"केतकीला काय सांगायचं?" शेवटी त्यांनी विचारलं.

"अहवाल तुमचा आहे. मी तिला एवढंच सांगेन की तिच्या पेशी सापडल्या नाहीत. ते खोटं नाही. चारांतल्या एका आईत तशाही सापडत नाहीत. आधीच्या बाळंतपणातल्या सापडल्या, त्या वापरतो. त्यापुढचं माझ्या तोंडून कधीच जाणार नाही."

म्हणजे सुटका होती. हेमलताबाईंनी ती घेतली.

केतकीला हे सांगितलं तेव्हा तिनं आधी आईला जवळ घेतलं. "तुझं आधी एक बाळ गेलं होतं? आणि तू मला बोलली नाहीस?" तिचे डोळे भरून आले. मग पेशी वाढायला सहा आठवडे लागणार होते, तेवढे दिवस ती दर शनिवारी-रविवारी सांगलीहून तासगावला यायला लागली. भाजी चिरायची, कपडे वाळत घालायची आणि मध्येच थांबायची.

"चारांतल्या तीन आयांत सापडतात, आई," एका रविवारी ती म्हणाली. "मी वाचलं. मी नेमकी त्या चौथीत."

"त्याला... काय होतंय?"

"होत काही नाही." तिनं कढईतलं पिठलं ढवळलं. "एका पेपरात लिहिलंय, काही आयांचं शरीर त्या पेशी मारून टाकतं. कारण माहीत नाही म्हणे."

पुढच्या रविवारी तिनं डॉक्टरांना फोन करून विचारलं की दुसऱ्या बाजूच्या हाडातून परत मगज काढून बघता येईल का. त्याच्या पुढच्या रविवारी, ताटं घेताना, तिनं साध्याच आवाजात विचारलं, "तू सांगायचीस ना, मी तुझं दूध कधी प्यायलेच नाही? पहिल्यापासून बाटलीच लागली मला. तेव्हापासूनच काहीतरी जमलं नसेल आपलं. म्हणजे अंगाअंगाचं. मी काही मनाला लावून घेत नाही, पण विचार येतो."

ते दुधाचं हेमलताबाईंनीच रचून सांगितलं होतं, शेजारणीनं विचारलं तेव्हा. केतकी सात वर्षांची होती आणि ऐकत होती.

भात वाढायचा चमचा हेमलताबाईंनी खाली ठेवला.

"बस," त्या म्हणाल्या. "मला सांगायचंय."

श्वास आता इतका अपुरा पडत होता की चार-पाच शब्दांपुढे वाक्य जात नव्हतं. प्रत्येक वेळी छाती ओढून हवा घ्यावी लागे, आणि तेवढा वेळ केतकीला थांबावं लागे.

"तुझ्या पेशी... नाहीत. कारण तू... माझ्या पोटात नव्हतीस."

केतकी ताट हातात धरूनच खाली बसली.

"सोलापूरहून... आणली तुला. चार महिन्यांची. तुझं काही... चुकलं नाही. माझ्या अंगाचं पण... नाही."

पिठल्यावर साय धरली. खाली कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती, तो माणूस बटण दाबत होता, थांबत होता, परत दाबत होता.

"बाबांना माहीत होतं?"

"दोघांनी... आणलं."

"आणि तो? ज्याच्या पेशी आहेत?"

"तो माझा. नऊ दिवस."

"आणि मी?"

"तू पण."

"तू पण," केतकीनं तेच शब्द उच्चारले. "छत्तीस वर्षं, आई. मी दवाखान्यात तोंड उघडून बसले, तेव्हासुद्धा तू गप्प बसलीस. मी तीन आठवडे स्वतःला काय काय म्हणत होते, तुला दिसत होतं. दिसत होतं ना?"

हेमलताबाईंना उत्तर द्यायचं होतं, पण खोकल्याची उबळ आली आणि ओठ काळेनिळे झाले. केतकी उठली. तिनं प्राणवायूचं यंत्र ओढून आणलं, मुखवटा आईच्या तोंडावर लावला, पट्टा मागून नीट केला, पाठीवर हात ठेवला. श्वास जागेवर येईपर्यंत ती तिथंच उभी होती. मग तिनं भांडी घासली, ओटा पुसला आणि पिशवी घेऊन सांगलीला निघून गेली.

सोळा दिवस ती आली नाही. फोनही केला नाही. फक्त रोज सकाळी सातला तिचा संदेश यायचा, 'पायऱ्या किती?' एवढाच. हेमलताबाई जिना चढून बघायच्या आणि आकडा पाठवायच्या. सात. सहा. सहा. पाच. त्यावर उत्तर येत नसे. शेडमधली शालन रोज डबा घेऊन यायची आणि केतकी कुठं आहे विचारायची. हेमलताबाई कामात आहे म्हणून सांगायच्या. एक दिवस पायरी न चढताच त्यांनी 'पाच' असं पाठवलं. खरं म्हणजे त्या दिवशी तीनच झाल्या असत्या. अर्ध्या तासानं दारात रुग्णवाहिका उभी होती. आदल्या संध्याकाळी त्यांना तिसऱ्या पायरीवरच थांबलेलं शालननं पाहिलं होतं आणि केतकीला कळवलं होतं. शस्त्रक्रिया चार दिवस अलीकडे घ्यायचं ठरलं.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी सकाळी केतकी मिरजेच्या दवाखान्यात आली. ती वाळली होती. "तिनाला पाच लिहितात होय?" एवढंच ती आईला म्हणाली आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

डॉ. मुजावर दोघींना प्रयोगशाळेत घेऊन गेल्या. हेमलताबाई चाकाच्या खुर्चीत होत्या, नाकाला नळी. काचेच्या भांड्यात, गुलाबी पाण्यात, नवी श्वासनलिका बुडवून ठेवली होती. ती प्लास्टिकची वाटत नव्हती. ओलसर, फिकट, सोललेल्या लसणासारखी दिसत होती.

"पडद्यावर बघा," डॉक्टर म्हणाल्या.

पडद्यावर तिचा आतला पृष्ठभाग मोठा करून दाखवला होता. बारीक केस, दाट, एका दिशेला वाकणारे आणि परत उभे राहणारे. वाऱ्यानं शाळूचं शेत हलावं तसे. आतली धूळ वर ढकलण्याचं त्यांचं काम, आणि ढकलायला अजून काही नव्हतं तरी ते चालूच होतं.

हेमलताबाईंनी पडद्यावर हात ठेवला. कुणी त्यांना काही म्हणालं नाही. अडतीस वर्षांपूर्वी काचेच्या पेटीवर असाच हात ठेवायला गेल्या, तर नर्सनं डाग पडतात म्हणून काढायला लावला होता.

"हा माझ्यापेक्षा मोठा ना?" केतकीनं मागून विचारलं.

"दोन वर्षांनी."

"नाव काय होतं?"

"नव्हतं ठेवलं. बारसं... बाराव्या दिवशी करतात."

केतकी आणखी जवळ आली आणि ते हलणारं शेत बघत राहिली. "एवढुसा होता," ती स्वतःशीच म्हणाली, "आणि कामाला किती लागलाय बघ." मग तिनं तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते. आईनं हात पुढं केला, तो तिनं धरला नाही, पण ढकललाही नाही.

उपचार बदलल्यामुळे नातेवाइकाच्या संमतीचा नवा कागद हवा होता. केतकीनं तो भिंतीला टेकवून उभ्याउभ्याच भरला. 'रुग्णाशी नातं' या रकान्याशी तिचं पेन थांबलं की नाही, हे हेमलताबाईंना खुर्चीतून दिसलं नाही. डॉक्टरांनी कागद घेतला, वाचला आणि फायलीत ठेवला.

शस्त्रक्रिया सात तास चालली.

पहिले दहा दिवस सगळे धास्तावलेले होते. शरीर काही करणार असेल तर याच दिवसांत करतं. डॉ. मुजावर रोज बारीक दुर्बीण आत घालून बघायच्या, नमुना घ्यायच्या. भक्षक पेशी आल्या होत्या, जोडापाशी घुटमळत होत्या. पण परकं असं काही त्यांना सापडत नव्हतं. तेराव्या दिवशी त्या पांगल्या. महिन्यानं जोड ओळखू येईना. तीन महिन्यांनी डॉक्टरांनी दोन्ही टोकांची छायाचित्रं केतकीपुढे ठेवली आणि म्हणाल्या, "सांगा बघू, नळी कुठं सुरू होते?" मोजमापात मुरलेल्या केतकीला ते सांगता आलं नाही.

हेमलताबाईंचा आवाज परत आला, पण तो जुना नव्हता. थोडा बारीक, थोडा घोगरा. शेडवरच्या बायका हसायच्या. आरडाओरडा करता येत नव्हता, म्हणून त्यांनी मुकादमी शालनकडे दिली आणि स्वतः निवडणीला बसल्या.

केतकी दोन आठवड्यांतून एकदा यायची. पूर्वीसारखी दर शनिवारी नाही. पूर्वीसारखी भांडायचीही नाही, आणि तेच हेमलताबाईंना जास्त लागायचं. एका रविवारी दुपारी गच्चीवर मिरच्या वाळत घालताना ती म्हणाली, "सोलापूरच्या संस्थेला अर्ज केला होता. उत्तर आलंय. जुनी कागदपत्रं दाखवतील म्हणे. पुढच्या सोमवारी जाणार आहे."

"मी येऊ?"

"नको. एकटीच जाते."

"बरं," हेमलताबाई म्हणाल्या. "जा. त्या इमारतीला मागच्या बाजूनं दार होतं तेव्हा. आता असेल नसेल."

केतकीनं मिरची पसरता पसरता हात थांबवला. "आणलंस त्या दिवशी काय झालं होतं? सगळं सांग. चांगलं तेवढंच नको."

हेमलताबाई कठड्याला टेकून बसल्या. छत्तीस वर्षं हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, त्यामुळे कुठून सुरू करावं कळेना.

"खूप रडलीस तू," त्या म्हणाल्या. "सोलापूर सोडल्यापासून जे सुरू केलंस, ते मंगळवेढा गेलं, सांगोला गेलं, तरी थांबायचं नाव नाही. अख्खी गाडी माझ्याकडे बघत होती. मी अंगाई म्हटली, खुळखुळा वाजवला, खिडकीतनं म्हशी दाखवल्या, बाटली तोंडाला लावली तर ती तू थोबाडीत मारल्यासारखी उडवलीस. नागजच्या फाट्यावर गाडी थांबली तेव्हा मी रडायला लागले. तुझ्या बाबांना म्हटलं, हिला आपण नकोय हो. परत देऊन येऊ या."

"असं म्हणालीस?"

"म्हणाले. खरंच म्हणाले."

"मग बाबा?"

"ते उसाचा रस पीत होते. म्हणाले, अगं, ती आपल्याला ओळखत कुठं असते? दे की तिला थोडा वेळ."

केतकी मिरच्या ओलांडून आली आणि आईशेजारी कठड्याला टेकली. "मग? थांबले कधी?"

"कवठे महांकाळला. मी सगळे उपाय करून दमले आणि तुला मांडीवर टाकून नुसती गप्प बसले, तेव्हा." हेमलताबाई हसल्या. "एकदम थांबलीस. मान वळवून बघायला लागलीस, ही बाई बोलायची का थांबली म्हणून."

केतकीला हसू आलं. ते दाबायचा तिनं प्रयत्न केला, जमलं नाही. मग तिखट लागलेले हात तिनं मांडीवर उताणे ठेवले आणि म्हणाली,

"पुढं सांग."